राजाईच्या घरचे नामदेव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला बाहेरगावचे वक्ते बोलवायचे नाहीत, आपल्यातल्याच एकीने बोलायचे, असे बैठकीत ठरले. बोलायचे कशावर, हा प्रश्न आपल्या गावात पडत नाही. गावाच्या नावातच विषय आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे, तेव्हा वेदान्ताची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. मी कीर्तन ऐकते, दुपारी वेळ मिळेल तशी गाथा वाचते आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. या तिन्हींतून जे सुचले तेवढेच सांगणार आहे.

झाले असे, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या गल्लीत नवीन लग्न होऊन आलेली एक सून आली होती. वाण लुटून झाले, तिळगूळ झाला, आणि बोलता बोलता तिने मला विचारले, "काकू, नामदेव महाराज सारा दिवस देवळात, नाहीतर यात्रेला. मग त्यांचे घर कोण चालवत होते हो?" सगळ्या हसल्या. एक आजीबाई म्हणाल्या, "अगं माय, विठ्ठल चालवत होता!" आजीबाईंचे उत्तर भक्तीचे होते, त्याला माझा नमस्कार आहे. पण ती पोर गप्प बसली ती आजीबाई वयाने मोठ्या म्हणून, हे मला तिच्या तोंडावर दिसले. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात तिचा नवरा दिंडीबरोबर पंढरपूरला गेला होता आणि सोयाबीनची सगळी खुरपणी हिच्या गळ्यात पडली होती. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्यापैकी कितीजणींनी तो मनात विचारला असेल, ते त्यांचे त्यांना माहीत.

म्हणून मी आज नामदेवांकडे संसारी माणूस म्हणून बघणार आहे. साधू, संन्यासी पुष्कळ झाले. त्यांनी घर सोडले, मोकळे झाले. ज्ञानेश्वर महाराजांची चारही भावंडे लहान वयात गेली, त्यांना संसार घडलाच नाही. नामदेवांनी मात्र आई-बाप, बायको, चार लेक, चार सुना, लेक, बहीण, एवढ्या सगळ्यांत ऐंशी वर्षे काढली. हे सोपे नाही, बायांनो. ज्यांच्या घरात दहा-बारा माणसे आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

थोडी माहिती आधी सांगते. नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये, कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, बहीण आऊबाई. जात शिंपी, आडनाव रेळेकर. घराण्याचे गाव नरसी-बामणी. काही विद्वान मंडळी म्हणतात की घराणे इथले असले तरी जन्म पंढरपूरचा. त्यांचे म्हणणे त्यांच्यापाशी. आपण जन्मस्थानापुढे दिवा लावतो, कयाधूकाठच्या देवळाची पायरी उतरताना हात जोडतो, आणि आपल्या मनात शंका येत नाही. गंमत पाहा, आपल्या नदीचे नाव कयाधू, ते प्रल्हादाच्या आईचे नाव. आणि गावाचे नाव नरसी. म्हणजे नरसिंह आहे, आई आहे, आणि मधला भक्त लेकरू ते आपले नामदेव. हे मी माझ्या मनाने जुळवले आहे, कोणी खरे-खोटे करू नये.

लहानपणची नैवेद्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे. वडील गावाला गेले, गोणाईने नैवेद्याचे ताट नामदेवाच्या हाती दिले, आणि देव जेवत नाही म्हणून पोर पायरीवर डोके आपटायला निघाले. तेव्हा विठ्ठल जेवला. आपण ही गोष्ट सांगताना नेहमी नामदेवाकडे आणि विठ्ठलाकडे बघतो. मला मात्र गोणाई दिसते. त्या दिवशी घरचा कर्ता गावाला गेलेला असूनही तिने सोवळ्याने स्वयंपाक केला, वेळेवर ताट वाढले, आणि पोराच्या हाती दिले. पोर एवढे भोळे, की देव खरोखरच बसून जेवतो असे त्याला वाटत होते. असे पोराला कोणी शिकवले असेल? ज्या घरात आई रोज श्रद्धेने ताट वाढते, त्या घरातल्या पोरालाच असे वाटते.

पुढे राजाई या घरात सून म्हणून आली. नारा, विठा, गोंदा, महादा असे चार मुलगे झाले, लिंबाई ही लेक झाली. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना आल्या. आणि जनाबाई. जनाबाई आपल्याच भागातली, गंगाखेडची. लहानपणी बापाने तिला दामाशेटींच्या घरी आणून सोडले आणि ती जन्मभर तिथेच राहिली. घरात चौदा माणसे आणि पंधरावी मी, असे तिने स्वतःच मोजून ठेवले आहे. मोजायला ती कशी चुकेल? ज्या बाईला भाकऱ्या किती थापायच्या ते रोज ठरवायचे असते, तिला घरची माणसे पाठ असतात. जात्यावर दळताना, कांडताना, शेण्या वेचताना विठ्ठल आपल्याला हात लावतो असे जनाबाई म्हणते. देव मंदिरातून उठून जात्यापर्यंत आला तो या घरात.

आता राजाईबद्दल बोलते. इथे मला थोडे जास्त बोलायचे आहे.

कीर्तनात राजाईचे नाव निघाले की हशा पिकतो. कटकटी बायको, नवऱ्याच्या भक्तीत विघ्न आणणारी, असे सोंग तिचे उभे करतात. पुरुष मंडळी मांडीवर थाप मारून हसतात, आणि पदर तोंडाला लावून आपणही हसतो. मला हे आवडत नाही. तिची तक्रार नीट वाचून बघा. मध्यरात्री, एकांत बघून, ती रुक्मिणीकडे जाते. विठ्ठलाकडे जात नाही. तिला ठाऊक आहे की तो नवऱ्याच्या पक्षाचा. बाई बाईकडे जाते आणि म्हणते, की तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला वेड लावले आहे, घरात अन्न नाही, धड वस्त्र नाही, भांडे नाही, चौदा माणसे अन्नासाठी दारोदार फिरतात, तू तुझ्या नवऱ्याला जरा समजाव. यात वाईट काय आहे? चौदा तोंडे म्हणजे दोन वेळच्या किती भाकऱ्या, पीठ किती, सरपण किती, याचा हिशेब मांडून बघा. मी तर राजाईच्या बाजूची आहे.

परिसाची गोष्टही तशीच. परिसा भागवतांच्या बायकोजवळ, कमळजेजवळ, देवीने दिलेला परीस होता. लोखंडाला लावला की सोने. राजाई अडचणीत आहे हे बघून कमळजेने तो तिला थोड्या वेळासाठी दिला. राजाईने घरातल्या लोखंडाचे थोडे सोने केले, बाजारातून धान्य आणले आणि त्या दिवशी पोटभर स्वयंपाक केला. नामदेव घरी आले, एवढे सगळे कुठून आले म्हणून विचारले, आणि परीस उचलून चंद्रभागेत टाकला. मग कमळजेचा नवरा भांडायला आला. नामदेवांनी पाण्यात हात घालून ओंजळभर खडे काढले आणि सांगितले, यातला तुझा कोणता तो ओळखून घे. सगळेच परीस. कथा इथे संपते आणि टाळ्या पडतात. कथा मोठी आहे, मी ती खाली पाडत नाही. फुकटच्या सोन्याने घर बिघडते हे आपण डोळ्यांनी बघतो. जमिनीचे पैसे आले आणि वर्षात घर धुळीला मिळाले, अशी उदाहरणे आपल्या तालुक्यात शोधायला जावी लागत नाहीत. पण त्या रात्री राजाईच्या मनात काय आले असेल, ते कोणी सांगत नाही. मागून आणलेली वस्तू नदीत गेली, आता शेजारणीला तोंड कसे दाखवू, हाच विचार तिने पहिल्यांदा केला असेल. कमळजा आणि राजाई यांचे पुढे बोलणे राहिले की नाही, हे मला कोणी सांगितले तर बरे होईल.

धोंड्याला उधारीवर कापड दिल्याची गोष्ट तर तुम्ही जाणताच. दामाशेटींनी कापड विकायला पाठवले, आणि हे देवाचे नाव घेत दगडांना देऊन आले. आमच्या घरात असे कापड गेले असते तर काय रामायण झाले असते!

तर मग नामदेव घराकडे पाठ फिरवलेले गृहस्थ होते काय? मी बरेच दिवस या प्रश्नावर अडकले होते. मग एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. राजाईची ही तक्रार आपल्याला कळली कशी? ती गाथेत आहे म्हणून. गोणाई विठ्ठलाशी भांडते, माझा पोटचा गोळा मला परत दे म्हणते, तेही गाथेत आहे. राजाईचे, गोणाईचे, आऊबाईचे, लाडाईचे, चारही मुलांचे आणि जनाबाईचे बोलणे नामदेवांच्या अभंगांबरोबर सातशे वर्षे चालत आले. काही जाणकार म्हणतात, बायकांच्या तोंडचे हे अभंग नामदेवांनीच रचले असतील. असतील. तरी माझे म्हणणे तेच राहते. जर राजाईने रचले, तर त्या घरात बाईला नवऱ्याच्या विरुद्ध बोलायची आणि ते गायची मोकळीक होती. आणि जर त्यांनी रचले, तर तिचे रात्रीचे रडणे त्यांनी पुरते ऐकले होते. ऐकल्याशिवाय घरातले भांडे नाही, वस्त्र नाही, हे त्यांना कसे लिहिता आले असते? स्वतःविरुद्धची फिर्याद स्वतःच्या वहीत कोण ठेवतो? आपल्या मालकांना विचारून बघा, ठेवतील का.

शंभर कोटी अभंग रचण्याचा नामदेवांचा नवस होता आणि तो घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतला, अशी कथा आहे. आकडा राहू द्या. घरातले काम वाटून घेतात तसा परमार्थही वाटून घेतला, ही गोष्ट मला फार आवडते. घरातल्या मोलकरणीलाही वाटा मिळाला, आणि आज लोकांच्या ओठांवर तिचाच वाटा जास्त आहे.

आता कामाविषयी. नामदेव धंदा सोडून बसले होते असा समज आहे. पंजाबातल्या आपल्या शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. तो ग्रंथ १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी प्रथम सिद्ध केला. त्यातल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही सगळी शिंप्याची हत्यारे येतात आणि नामदेव ती देवाच्या कामी लावतात. ज्याने कधी बसून शिवले नाही त्याला सुईतल्या दोऱ्याची उपमा सुचत नाही. आपल्या शिवणवर्गातल्या मुलींना विचारा. त्याच ग्रंथात कबीराच्या तोंडी एक संवाद आहे. त्रिलोचन नावाचे भक्त नामदेवांना विचारतात, की तुम्ही मायेत गुंतून हे कापड छापत काय बसलात, चित्त देवाकडे का लावत नाही? नामदेव सांगतात, की तोंडाने नाम घ्यावे, हातापायांनी सगळे काम करावे आणि चित्त मात्र देवापाशी ठेवावे.

आणि याच त्रिलोचनांना उद्देशून नामदेवांचे एक पद आहे, त्याचा अर्थ मी एका शीख बाईकडून ऐकला. नांदेडच्या हुजूरसाहेबाच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू पुष्कळदा आपल्याकडे नामदेवांच्या दर्शनाला येतात, त्यांतल्या एका जथ्यातली ती होती. देवळाच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. तिची हिंदी पंजाबी वळणाची, माझी हिंदी मराठी वळणाची, तरी गाडी चालली. तिने सांगितले ते असे. पोरगा कागदाचा पतंग उडवतो, सोबत्यांशी बोलतो, पण लक्ष दोरीवर. मुली पाण्याने भरलेल्या घागरी घेऊन येतात, हसतात, टाळ्या देतात, पण लक्ष घागरीवर. गाय पाच कोसांवर चरायला जाते, लक्ष वासरावर. आणि आई पाळण्यात बाळ निजवून आत-बाहेर कामे करते, पण चित्त सगळे पाळण्यात.

बायांनो, मी तिथेच गप्प झाले. पतंग सोडला तर बाकीचे सगळे आपले आहे. कयाधूवरून डोक्यावर घागर आणलेल्या बाया या सभेत आहेत. नळ येण्याआधी आपण तेच करत होतो, बोलणे मैत्रिणीशी आणि तोल घागरीचा. पाळण्याला दोरी बांधून ती पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि भाकरी थापायची, हे तर प्रत्येकीने केले आहे. देवाची आठवण कशी ठेवायची हे सांगायला नामदेवांनी योग्याची, संन्याशाची उपमा घेतली नाही. त्यांनी पाळण्याजवळच्या बाईची घेतली. म्हणजे घरी असताना ते राजाईकडे बघत होते. लिंबाई पाळण्यात असताना, नाहीतर नारा-विठा लहान असताना, त्यांनी हे बघितले असणार. मग आपली सून विचारते त्या प्रश्नाला मला निम्मे उत्तर मिळाले. निम्मे म्हणते, कारण बघणे वेगळे आणि पिठाचा डबा भरणे वेगळे.

आता त्यांच्या स्वभावाविषयी एक गोष्ट. संत जमले होते तेव्हा गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर मारून पाहिले, कोणाचे मडके भाजले आहे ते. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. मुक्ताबाई नामदेवांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. तिने त्यांना तोंडावर कच्चे म्हटले. त्यांना फार लागले. विठ्ठलाचा लाडका मी, आणि ही पोर मला बोलते! पण रागाने घरी जाऊन बसले नाहीत. आपल्या जवळच्या औंढ्याला गेले, विसोबा खेचरांना गुरू केले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते, पाय जिकडे करावे तिकडे पिंडी दिसली, ही कथा सर्वश्रुत आहे. आणि औंढ्याचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले, म्हणून नंदी मागे राहिला, असे आपण पोरांना दाखवतो. देऊळ फिरले ते नवल खरेच, पण एका लहान मुलीचे टोचून बोललेले मानून माणूस फिरला, हे मला त्याहून मोठे नवल वाटते.

ज्ञानेश्वर महाराजांबरोबर ते तीर्थयात्रेला गेले. १२९६ साली आळंदीला महाराजांनी समाधी घेतली तेव्हा नामदेव तिथे होते, आणि तो सगळा प्रसंग त्यांनी अभंगांत लिहून ठेवला. त्यात असे येते, की समाधीची जागा झाडून स्वच्छ करायला नामदेवांची चार पोरे गेली. त्या वेळी नामदेवच सव्वीस वर्षांचे. मग पोरे केवढी असतील? हातात केरसुणी मावत नसेल अशी. एवढ्या मोठ्या प्रसंगाला बापाने पोरांना बरोबर नेले आणि त्यांच्या हाती झाडण्याचे काम दिले. आपण आपल्या मुलग्यांच्या हाती केरसुणी देत नाही, ते मी जाता जाता सांगते.

सेवेची गोष्ट सांगायची तर चोखोबांची सांगावी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते, ते कोसळले आणि चोखामेळा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर त्याखाली गाडले गेले. साल १३३८. नामदेवांचे वय तेव्हा अडुसष्ट. या वयात ते मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात कोणाची हाडे कोणती, हे कसे ओळखायचे? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ती चोखोबांची, असे म्हणतात. ती त्यांनी ओटीत घेतली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या माणसाला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या हाडांना सवर्ण शिंप्याने उराशी धरले. पुढे विठ्ठलाचे देऊळ सगळ्यांना मोकळे व्हायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे वर्षे गेली. नामदेवांची पायरी आणि चोखोबांची समाधी तोवर एकमेकींसमोर होत्या.

पंजाबचे थोडक्यात सांगते. उतारवयात नामदेव उत्तरेला गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी सुमारे वीस वर्षे राहिले असे मानतात. तिथले लोक त्यांना बाबा नामदेव म्हणतात, माघात तिथे मोठी जत्रा भरते, आणि त्यांनी तिथेच देह ठेवला अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. आपल्या नरसीच्या माणसामुळे एवढी मराठी माणसे पंजाबात गेली, याचा आपल्याला अभिमान वाटला. १९७० साली नामदेवांच्या जन्माला सातशे वर्षे झाली तेव्हा शासनाने गाथा छापली, टपाल तिकीटही निघाले. हे सगळे योग्यच झाले. पण वीस वर्षे म्हणजे किती? माझ्या लग्नाला आता चोवीस वर्षे झाली. एवढी वर्षे राजाई कुठे होती, बरोबर गेली की पंढरपुरात राहिली, हा विचार माझ्या मनातून जात नाही. नामदेव मोठे होते हे मी मानते आणि राजाईला फार सोसावे लागले हेही मानते. दोन्ही गोष्टी एकाच घरात खऱ्या असू शकतात.

माझे सासरे वारकरी होते. बत्तीस वाऱ्या पायी केल्या त्यांनी. तुळशीमाळ, कपाळी बुक्का, कोणाचे एक पैशाचे देणे नाही, शेजारी कोणी आजारी पडले की पहिली बैलगाडी त्यांची. गावाने त्यांना मान दिला आणि तो त्यांनी कमावला होता. मात्र दिंडी निघायची ती नेमकी पेरणीच्या तोंडावर किंवा खुरपणीत. सासूबाई एकट्या शेतात. मी नवीन आले तेव्हा एकदा त्यांना म्हटले, तुम्हीही जा की या वर्षी, मी बघते शेत. त्या म्हणाल्या, "पाऊस कसा पडतोय ते बघू." बावीस वर्षे पाऊस तसाच पडत राहिला. शेवटी साठी उलटल्यावर एका आषाढात सासऱ्यांनीच त्यांची पिशवी भरली. घरी कोण, असे त्यांनी विचारले तर म्हणाले, "मी राहतो. तू जा. नामदेवाची पायरी बघून ये, माझा नमस्कार सांग." त्या वर्षी आमच्या घरी सासऱ्यांनी खुरपणीच्या बायांना चहा करून नेला. साखर फार पडली होती. बायांनी पिऊन घेतला.

सासूबाई परत आल्या त्या परतवारीच्या गर्दीतूनच. आषाढी झाली की वद्य एकादशीला आपल्याकडे परतवारी भरते, पंढरपूरहून परतलेले वारकरी नामदेवांच्या पायी येतात, लाखावर माणसे जमतात, गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी आपल्या चुली पहाटेपासून पेटलेल्या असतात, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. आपल्यातल्या किती बायांना त्या दिवशी दर्शन होत नाही, हे मी सांगायला नको. म्हणून यंदा मंडळाने ठरवले आहे की पाळ्या लावायच्या. दोन तास स्वयंपाक, मग दर्शन, मग वाढायला. वाढण्याच्या पाळीत पुरुष मंडळींचीही नावे घालायची आहेत. कार्यवाह बाईंनी वही केली आहे. नावे द्या.

त्या एकादशीनंतर दोन दिवसांनी त्रयोदशी येते. शके १२७२, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरला महाद्वारी समाधी घेतली. आपण देवळात जाताना ज्या पायरीवर पाय न देता ओलांडून जातो, ती. परंपरा सांगते, की घरचे सगळे त्यांच्याबरोबर गेले. राजाई, मुले, सुना, जनाबाई, सगळे. एकटी लाडाई राहिली. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचा एक अभंग आहे, मला मागे ठेवून सगळे गेले असा शोक त्यात आहे. मी तो वाचते तेव्हा मला पुढे वाचवत नाही. पोटुशी बाई, माहेरच्या ओसरीवर बसलेली, आणि निरोप येतो की सासरी आता कोणी उरले नाही. सगळ्या घरावर पुराणे झाली, कीर्तने झाली. लाडाईने पुढे ते मूल कसे वाढवले, त्याला आजोबांचे अभंग कोणी शिकवले, पहिला घास कोणी भरवला? तिनेच केले असणार हे सगळे. त्या मुलाच्या रूपाने घराणे पुढे चालले असे म्हणतात.

संक्रांतीला प्रश्न विचारणारी आपली सून आज आली आहे, ती मागे खांबाला टेकून बसली आहे, बाळ मांडीवर निजले आहे म्हणून उठता येत नाही. तिला मी सांगितले आहे, की राजाईचे अभंग तूच वाचायचे. तिचे शिक्षण बारावीपर्यंत आहे, वाचन स्वच्छ आहे. येत्या गुरुवारपासून दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत गाथेचे वाचन सुरू करत आहोत. आधी गोणाई, मग राजाई, मग जनाबाई, मग लाडाई, असा क्रम ठेवला आहे. नामदेव त्यानंतर. गाथेची प्रत मंडळाच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे आहे. अक्षर बारीक आहे, चष्मा असेल त्यांनी चष्मा आणावा, आणि लेकरे असतील त्यांनी लेकरे आणावीत. पाळण्याची सोय केली आहे.